नरक्याच्या सालीतलं करिअर

‘नीट’चे गुण थोडे कमी पडले की घरात सुतकी शांतता पसरते आणि बी.एस्सी. केमिस्ट्रीचा फॉर्म नाइलाजाने भरला जातो. अशा घरांनी रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी यांचा प्रवास जरूर पाहावा. नंदुरबारला जन्मलेले वाणी मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी. झाले आणि पीएच.डी.साठी अमेरिकेला गेले. १९६६ साली सहकारी मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळं काढलं.

तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या दुर्गंधी झाडातही आहे, हे १९७२ मध्ये प्रसिद्ध झालं.

औषध मात्र लगेच हाती आलं नाही. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही. विरघळावं म्हणून त्याचा सोडियम क्षार केला, तर गुण घटला आणि रुग्णांना त्रास झाला, चाचण्या थांबल्या. ते पेशीतल्या कोणत्या विकरावर काम करतं, हे १९८५ मध्ये उमगलं. मग रेणूत बदल करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन तयार झाली. १९९६ मध्ये अमेरिकेत दोन्हींना मान्यता मिळाली. मध्ये तीस वर्षं गेली! या क्षेत्रात येणाऱ्याकडे चिकाटी हवी ती एवढी.

रोजचं काम कसं असतं? वाळलेल्या सालीच्या भुकटीतून सॉक्सलेट या उपकरणात तासन्‌तास अर्क काढायचा, तो आटवायचा, टीएलसी प्लेटवर त्याचा ठिपका देऊन ती यूव्ही दिव्याखाली धरायची. कॅम्प्टोथेसिन असेल तर ठिपका निळा चमकतो. पण तेवढ्याने भागत नाही. एचपीएलसी आणि एनएमआर या यंत्रांवरच्या चाचण्यांनी खातरजमा करावीच लागते. ज्या मुलाला त्या ठिपक्याचं कुतूहल वाटतं, त्याला अडवू नये.

चोरट्या तोडीमुळे नरक्या धोक्यात आला आहे. म्हणून झाड न तोडता हे द्रव्य मिळावं यासाठी ऊतीसंवर्धन आणि झाडाच्या आत राहणाऱ्या बुरशींवर संशोधन होतं. इथे बॉटनी आणि मायक्रोबायोलॉजीच्या मुलांना मोठा वाव आहे.

बी.फार्म.ला एमएचटी-सीईटीतून प्रवेश मिळतो; तिथे फार्माकोग्नॉसी हा विषय असतो. पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी नायपर ही राष्ट्रीय औषधशास्त्र संस्था आहे. बी.एस्सी.नंतर आयआयटीत एम.एस्सी. करायचं तर ‘जॅम’ द्यावी लागते. सीएसआयआर-नेटमधून जेआरएफ मिळाली की २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. पीएच.डी. नको असेल त्यांना औषध आणि हर्बल कंपन्यांत दर्जा तपासणीची कामं आहेत. प्रवेश घेण्याआधी पालकांनी प्रयोगशाळेत डोकावावं आणि एचपीएलसी यंत्र विद्यार्थी स्वतः चालवतात की लांबून बघतात, हे तिथल्याच मुलांना विचारावं.