खेळण्यांच्या छायाचित्रणातून इतिहासाचा पाठ

दिवाळीत महाराष्ट्रातील मुले अंगणात किल्ला बांधतात. दगड-विटांचा सांगाडा, त्यावर ओले गोणपाट आणि मातीचा लेप, उतारावर पेरलेले अळीव आणि बुरुजावर मातीचे मावळे, एवढ्या साहित्यातून हातभर जागेत एक डोंगर उभा राहतो. घरच्या वस्तूंतून देखावा रचण्याची ही विद्या आपल्या मुलांना कोणी निराळी शिकवावी लागत नाही. तिला छायाचित्रणाची जोड दिली, तर तिच्यातून गणित, विज्ञान आणि इतिहास यांचा एकत्रित पाठ तयार होतो. सांधे हलणाऱ्या ज्या बाहुल्यांना बाजारात ‘ॲक्शन फिगर’ म्हणतात, त्या आज अनेक घरांत असतात. भ्रमणध्वनीही असतो. उणीव असते ती विषयाची आणि पद्धतीची. प्रस्तुत लेखात या दोन्हींचा विचार केला आहे.

परंपरा

या प्रयोगाला महाराष्ट्रात थोर पूर्वज लाभले आहेत. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ साली प्रदर्शित केला. तत्पूर्वी कुंडीत लावलेल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी एकेका चौकटीने टिपून छोटा चित्रपट तयार केला होता. पुढे त्यांनी आगपेटीतील काड्याही पडद्यावर नाचवल्या. वाटाणा आणि आगकाडी यांहून स्वस्त नट कोणता असणार? वस्तू लहान असली तरी कॅमेऱ्यासमोर ती लहान राहते असे नाही. ती किती मोठी दिसावी हे रचनाकार ठरवतो.

प्रमाण

पहिला धडा गणिताचा आहे. १५ सेंटीमीटर उंचीची बाहुली १८० सेंटीमीटर उंचीच्या माणसाच्या जागी उभी केली, तर प्रमाण १ : १२ होते. मग देखाव्यातील प्रत्येक वस्तूला १२ ने भागावे लागते. २१० सेंटीमीटरचा दरवाजा साडेसतरा सेंटीमीटरचा होतो आणि १८ सेंटीमीटर उंचीची पायरी दीड सेंटीमीटरची. खोक्याचा पुठ्ठा ३ मिलीमीटर जाड असेल, तर पाच पट्ट्या एकावर एक चिकटवल्या की एक पायरी तयार होते. माण-हिंजवडी परिसरात रिकाम्या खोक्यांना तोटा नाही, हे निराळे सांगायला नको.

माती चाळणीने चाळूनच वापरावी. साधा खडा बाहुलीच्या पायाशी धोंड्यासारखा दिसतो. भाताच्या पेंढ्याचे बारीक तुकडे गवतासारखे आणि वाळलेल्या झुडपाची फांदी झाडासारखी शोभते. पाण्याचे मात्र प्रमाण बदलता येत नाही. थेंबाचा आकार पृष्ठताणामुळे ठरतो, बाहुली लहान आहे म्हणून थेंब लहान होत नाही. म्हणून तळे दाखवायचे असेल तर काळ्या कागदावर काच ठेवावी आणि तिच्यावर किंचित चुरगळून पुन्हा पसरलेला पारदर्शक कागद अंथरावा.

दृष्टी

खेळणे खेळण्यासारखे दिसते, कारण आपण त्याच्याकडे वरून पाहतो. कॅमेरा बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण १४ सेंटीमीटरवर, आणला की तीच बाहुली माणूस होते. याहून खाली जायचे असल्यास भ्रमणध्वनी उलटा धरावा, म्हणजे वरची भिंग खाली येते. तो विटेला टेकवून ठेवावा आणि स्वयंचलित वेळयोजना वापरावी, म्हणजे हात हलत नाही.

फार जवळून टिपलेल्या चित्रात मागचे सारे धूसर होते आणि वस्तू लहान असल्याचे गुपित फुटते. म्हणून ३०-४० सेंटीमीटर अंतर राखावे आणि नंतर चित्राच्या कडा कापाव्यात. मोठा कॅमेरा असल्यास त्याचे छिद्र लहान ठेवावे.

प्रकाश आणि पार्श्वभूमी

सकाळचे कोवळे ऊन हा सर्वांत चांगला आणि फुकटचा दिवा आहे. सूर्य फार दूर असल्याने सर्व सावल्या एकाच दिशेने, समांतर पडतात. टेबलावरचा दिवा जवळ ठेवला, तर सावल्या पंख्यासारख्या फाकतात आणि लबाडी उघडी पडते. मागचा पडदा बाहुलीपासून किमान अर्धा मीटर दूर असावा, म्हणजे सावली आकाशावर पडणार नाही.

डोंगर दाखवायचे असतील, तर पुठ्ठ्याच्या तीन रांगा कापाव्यात. पुढची गडद, मधली फिकी, मागची निळसर करडी. मुळशीचे डोंगर पावसाळ्यानंतर असेच दिसतात, कारण दूरच्या वस्तूच्या आणि आपल्यामध्ये हवेचा जाड थर असतो. दोन रांगांच्या मध्ये ट्रेसिंग पेपर धरला, तर धुकेही मिळते.

पहिला देखावा : लेणे

शेजारच्या मावळ तालुक्यातील कार्ले येथील चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच आहे. १ : १२ प्रमाणात त्याची लांबी तीन मीटरहून अधिक भरेल. घरात ते मावणार नाही. येथे दृष्टिभ्रमाचा उपयोग करावा. पुढचे स्तंभ २० सेंटीमीटरचे, त्यामागचे १६, मग १३, मग १० सेंटीमीटरचे करावेत आणि त्यांच्यातील अंतरही त्याच क्रमाने कमी करावे. जुन्या दिनदर्शिकेची जाड पाने गुंडाळून स्तंभ होतात. तळाशी पणती उपडी ठेवली की कुंभाचा आकार साधतो. छताच्या लाकडी कमानींसाठी खराट्याचे हीर वाकवावेत. दर्शनी भिंतीला पिंपळपानाच्या आकाराचे गवाक्ष कापून ऊन आत घ्यावे. स्तूपावर पडणारा तो प्रकाश पाहिला की लेणे कोरणाऱ्यांनी गवाक्ष एवढे मोठे का ठेवले, हे मुलांना आपोआप उमगते.

दुसरा देखावा : चवदार तळे

मुंबई विधिमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. महाडच्या नगरपालिकेने त्यास अनुसरून तळे खुले असल्याचे १९२४ मध्ये जाहीर केले. परंतु कागदावरचा हक्क ओंजळीत यायला २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्याकडे चालत गेली आणि पाणी प्याली. पुढे १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयानेही तो हक्क मान्य केला. त्या हजारोंपैकी बहुतेकांचे एकही छायाचित्र कोठे नाही. ते आपल्याच कोणाचे आजे-पणजे होते. या देखाव्याचे खरे नायक तेच आहेत.

पण बाबासाहेबांना कसे दाखवावे? पराक्रमी योद्ध्याच्या खेळण्याला कोट चढवून त्यांच्या जागी उभे करणे योग्य होणार नाही. याचे उत्तर आपल्या जवळच्या लेण्यांतच आहे. भाजे येथील चैत्यगृहात तथागतांची मूर्ती नाही, स्तूप आहे. प्राचीन शिल्पकारांनी बोधिवृक्ष, पदचिन्हे आणि रिकामे आसन यांतून बुद्धांची उपस्थिती सुचवली. आपणही तसेच करावे. काठावर जमलेली सारी माणसे एकाच दिशेला पाहत आहेत आणि पाण्यावर नुकताच एक तरंग उठला आहे, एवढे दाखवले तरी पुरे. बाहुल्यांचे भडक पोशाख जुन्या धोतराच्या पट्ट्यांनी झाकावेत, त्यामुळे सांधेही लपतात. गर्दीसाठी दहा बाहुल्या हव्यात असे नाही. पुढे दोन-तीन बाहुल्या ठेवून मागे पुठ्ठ्याच्या कापलेल्या आकृत्या उभ्या कराव्यात.

सत्याची मर्यादा

छायाचित्र पाहणाऱ्याला ‘हे असे घडले’ असे वाटते. हीच त्याची शक्ती आणि हाच त्याचा धोका. म्हणून प्रत्येक चित्राखाली ‘पुनर्रचना’ हा शब्द, ती रचणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव आणि वर्ष लिहिलेच पाहिजे. सामाजिक माध्यमांवर असे चित्र मूळ प्रसंगाचे म्हणून फिरू लागले, तर खऱ्या इतिहासावरही लोक अविश्वास दाखवतील. चौथे शील केवळ जिभेला लागू नाही, ते चित्रालाही लागू आहे.

सराव

विद्यार्थ्यांनी सुटीत आजी-आजोबांना एकच प्रश्न विचारावा : आपल्या वस्तीचा पाणवठा पूर्वी कोठे होता आणि तेथे पाणी कोण वाढत असे? उत्तर शब्दशः लिहून घ्यावे. मग तो पाणवठा पुठ्ठा, माती आणि काच यांतून उभारावा आणि चित्र त्यांना दाखवावे. “पायऱ्या एवढ्या रुंद नव्हत्या,” किंवा “आम्ही त्या बाजूला उभे राहायचो,” असे ते म्हणतील. तेथे देखावा दुरुस्त करून पुन्हा चित्र घ्यावे. पालकांनी बाहुल्या नव्याने विकत आणू नयेत, घरातील मोडक्याही चालतात. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील असा एक पाणवठा पाठवला, तर शाळेत त्यांचे दालन उभे राहील. माणच्या भातखाचरांच्या जागी आज काचेच्या इमारती उभ्या आहेत. जुन्या वाटा आणि विहिरी ज्यांना आठवतात, ती माणसे आज आपल्यात आहेत. त्यांना विचारून घेण्याची वेळ हीच आहे.