कमवा आणि शिका

मुलांनो, दहावीचा निकाल लागला की घरोघरी पेढे वाटतात. पण पेढे संपले की काही घरांत वेगळीच चर्चा सुरू होते. कॉलेज शहरात आहे. मुलाने राहायचे कोठे? जेवायचे काय? फी, पुस्तके आणि एस.टी.चे भाडे यांसाठी पैसे कोठून आणायचे? हुशार असूनही कितीतरी मुलांचे शिक्षण याच पायरीवर थांबते. मुलींचे तर फारच.

ही अडचण ज्यांनी फार पूर्वी ओळखली, ते कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. ते स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते! किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी ते खेडोपाडी हिंडले. शेतकऱ्यांची मुले शाळेपासून किती दूर आहेत, हे त्यांनी तेव्हा जवळून पाहिले. सांगलीजवळच्या दुधगावात त्यांनी मित्रांच्या मदतीने मुलांसाठी वसतिगृह काढले. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी सातारा जिल्ह्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. ‘रयत’ हा शब्द तुम्हांला नवा नाही. तो उर्दूतही आहे. रयत म्हणजे सामान्य जनता.

१९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एकाच पंगतीत जेवत. त्या काळी ही गोष्ट साधी नव्हती. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. कधी कधी धान्य संपे. अशा वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रही दिले.

शाळेचा प्रश्न असा सुटत गेला, पण पुढे काय? कॉलेजसाठी साताऱ्याच्या मुलांना पुणे, कोल्हापूर किंवा सांगली गाठावी लागे. गरिबाला हे कसे परवडणार? म्हणून १९४७ साली भाऊरावांनी साताऱ्यातच छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. ज्याच्याजवळ पैसे नाहीत, त्याने श्रम करावेत आणि शिकावे, अशी तेथील रीत होती. मुले शेतात राबत, बांधकामावर खपत आणि मग वर्गात बसत. दिवसभर हात दुखल्यावर रात्री पुस्तक उघडणे सोपे नसते, हे खरे. पण मदत मागताना मान खाली जाते. स्वतःच्या कष्टाचे जेवताना ती खाली जात नाही. भाऊरावांना हेच हवे होते. शाहू वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि नंतर शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

भाऊराव ९ मे १९५९ रोजी वारले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला होता. आज साताऱ्यात त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. रयतचे कायद्याचे कॉलेजही तेथेच आहे. त्याला इस्माईलसाहेब मुल्ला यांचे नाव दिलेले आहे.

‘कमवा आणि शिका’ योजना आज महाराष्ट्रातील अनेक कॉलेजांत चालते. ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत ठरावीक तास काम केले की तासांप्रमाणे पैसे मिळतात. शिष्यवृत्ती, म्हणजे वजीफा, वेगळा. पुढे कॉलेजात नाव घालायला जाल, तेव्हा या दोन्हींची चौकशी त्याच दिवशी कार्यालयात करा. अर्जाची मुदत संपल्यावर विचारणारे विद्यार्थी दरवर्षी बरेच असतात.