लीड्सची जीभ, न्यू जर्सीचं स्वयंपाकघर

मूळचे आम्ही ठाण्याचे. लग्नानंतरची बरीच वर्षं लीड्समध्ये गेली. दोन्ही मुलं तिथेच झाली, तिथल्या शाळेत जेवली, आणि मग नवऱ्याच्या कंपनीने बिऱ्हाड न्यू जर्सीला हलवायला लावलं. मुलांना बरं नसलं, पेपर अवघड गेला, मैत्रिणीशी बिनसलं की चार मराठी घरांत मऊ भात टाकतात. आमच्याकडे टोस्टवर बेक्ड बीन्स लागतात. मराठी आईने अमेरिकेत बसून इंग्रजी जेवणाची जमवाजमव करायची, याचं सासरच्यांना फार हसू येतं. येऊ दे. या खटाटोपातून जे कळलं ते लिहून ठेवते. परदेशी राहणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

१. आधी इंडियन ग्रोसरी, मग ब्रिटिश दुकान

मॅनहॅटनमध्ये हडसन स्ट्रीटवर ‘मायर्स ऑफ केझिक’ नावाचं ब्रिटिश वाणसामानाचं दुकान आहे, १९८५ पासूनचं. हौसेने एकदा जाऊन यावं असंच आहे. पण रोजच्या संसाराला ते परवडत नाही आणि जवळही नाही. आमची खरी सोय एडिसनच्या ओक ट्री रोडवर झाली. हॉर्लिक्स, कस्टर्ड पावडर, डायजेस्टिव्ह बिस्किटं हे सगळं डाळी-तांदळाच्या पुढच्याच फळीवर असतं. साहेब गेला, पण त्याचा डबा आपल्या फडताळात राहिला, आणि आपण जगात जिथे गेलो तिथे तो बरोबर नेला.

मटाराचंच घ्या. लीड्स ज्या यॉर्कशरमध्ये आहे तिथे तळलेल्या माशाबरोबर ‘मशी पीज’ म्हणून हिरवा गरगट लगदा मिळतो. त्याला मॅरोफॅट जातीचा टपोरा वाटाणा लागतो, वेलीवरच वाळू दिलेला. तो रात्री खायचा सोडा घालून भिजवतात आणि सकाळी फुटेपर्यंत शिजवतात. रगडा करणाऱ्या बाईला यात नवीन काय आहे? इंडियन ग्रोसरीतला सुका हिरवा वाटाणा दाण्याला जरा लहान असतो, पण काम भागवतो. सोडा चिमूटभरच, नाहीतर साबणाची चव येते. कुकरला दोन-तीन शिट्ट्या काढायच्या, अर्धा वाटाणा पळीच्या पाठीने मोडायचा, अर्धा तसाच ठेवायचा. वरून मीठ आणि लोण्याचा गोळा, संपलं. हिंग-जिऱ्याच्या फोडणीसाठी हात शिवशिवतो, तो आवरायचा. मी एकदा हळद टाकली होती, तर धाकट्याने ताट सरकवलं आणि म्हणाला, “आई, ही उसळ आहे.”

२. बीन्सच्या डब्याला मात्र पैसे मोजावेत

अमेरिकेत बेक्ड बीन्स ढिगाने मिळतात, पण त्या वेगळ्या. त्यांत ब्राउन शुगर किंवा मोलॅसिस असतं, बऱ्याचदा डुकराच्या मांसाचा तुकडाही असतो. इंग्लंडच्या बीन्स पातळसर टोमॅटोच्या रसात, गोडाला बेताच्या आणि शाकाहारी. गंमत म्हणजे हाइन्झ कंपनी मूळची अमेरिकेतल्या पिट्सबर्गची. १८८६ साली लंडनच्या फोर्टनम अँड मेसनमध्ये तिचा माल विकायला लागला तेव्हा तो उंची पदार्थ होता. पुढे तोच कामगाराच्या घरचा रात्रीचा डबा झाला. आजही दाणा बहुतेक उत्तर अमेरिकेत पिकतो, जहाजाने विगनजवळच्या किट ग्रीनच्या कारखान्यात जातो, तिथे डब्यात बसतो, आणि मग आमच्यासारख्यांसाठी अटलांटिक ओलांडून दुपटी-तिपटीच्या भावाने परत येतो. शेत याच खंडात आणि डबा विलायती! हे कळल्यावर दोन वेळा घरी रस करून पाहिला. चवीला बरा झाला, पण मुलांना ‘बरा’ नको असतो, ‘तोच’ हवा असतो. तेव्हापासून निळसर डबे पेटीने आणते आणि हिशोब करत नाही.

३. काय मिळेल हे जिभेपेक्षा कायदा ठरवतो

हे समजायला मला वेळ लागला, कारण दुकानदार फक्त “येत नाही” एवढंच सांगतो. का येत नाही याच्या गोष्टी मोठ्या रंजक आहेत.

हॅगिस हा स्कॉटलंडचा पदार्थ. मेंढीचं काळीज, यकृत आणि फुप्फुस, त्यात ओटचा भरडा, कांदा, चरबी. अमेरिकेत १९७१ पासून प्राण्याचं फुप्फुस माणसाच्या खाण्यात चालत नाही, म्हणून अस्सल हॅगिस येऊच शकत नाही. इथे मिळतं ते फुप्फुस वगळून केलेलं. मी खात नाही, पण नवरा खातो आणि दर जानेवारीत, बर्न्स नाइटच्या स्कॉटिश सणाला, त्याबद्दल कुरकुरतो.

काळ्या मनुकेसारख्या दिसणाऱ्या ब्लॅककरंटची गत आणखी मजेशीर. या झुडपामुळे पांढऱ्या पाइनला रोग लागतो म्हणून अमेरिकेने १९११ च्या सुमारास त्याची लागवडच बंद केली. देशपातळीवरची बंदी १९६६ मध्ये उठली, न्यूयॉर्क राज्याने आपली २००३ मध्ये उठवली. तोवर दोन-तीन पिढ्या त्या चवीशिवाय वाढल्या. परिणाम असा, की इंग्लंडमध्ये जांभळी गोळी ब्लॅककरंटची असते आणि इथे द्राक्षाची. माझ्या मुलीने इथल्या शाळेत पहिली जांभळी गोळी तोंडात टाकली आणि औषध समजून थुंकली.

चॉकलेटचं तर भांडणच झालं. अमेरिकेत कॅडबरी नावाने विकण्याचा परवाना हर्शी कंपनीकडे आहे. इंग्लंडहून खरी डेअरी मिल्क आणणाऱ्यांशी तिचा दावा चालला आणि २०१५ मध्ये तडजोड होऊन ती आयात थांबली. इंग्लंडच्या वेष्टनावर घटकांत पहिलं नाव दुधाचं, इथल्या वेष्टनावर साखरेचं. मी कॅडबरी जंक्शनजवळ वाढलेली. ठाण्याच्या त्या चौकाला नावच कारखान्यावरून पडलं. आजी मोठ्या प्रेमाने तिथली कॅडबरी पाठवते, तर नातवंडं म्हणतात हीसुद्धा ‘ती’ नव्हे. उन्हाळ्यात टिकावी म्हणून आपली कॅडबरी घट्ट बनवलेली असते, त्यामुळे पोरं अगदीच चुकीची नाहीत. पण आजीसमोर बोलू नये एवढं तरी कळायला हवं.

युरोपातल्यांचे हाल ब्रेक्झिटपासून वेगळे. ब्रिटनमधून मांस आणि दुधाचे पदार्थ बरोबर नेता येत नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये डच अधिकाऱ्यांनी ट्रकचालकांची हॅम सँडविचं काढून घेतल्याची चित्रफीत जगभर फिरली. त्याच वर्षी मार्क्स अँड स्पेन्सरने फ्रान्समधली ११ दुकानं बंद केली, कारण ताजा माल वेळेवर पोचेना.

४. फिश अँड चिप्स हवे तर वस्तीचा इतिहास बघावा

पाटीवर युनियन जॅक लावलेल्या पबमध्ये जाऊ नये. चिप्स बारीक आणि कुरकुरीत येतात, म्हणजे चुकलेच. आम्हाला पत्ता लागला तो न्यू जर्सीतल्याच कार्नी गावाचा. एकोणिसाव्या शतकात पेझलीच्या क्लार्क कंपनीने त्या भागात दोऱ्याच्या गिरण्या काढल्या, कर्कॉडीच्या नेर्न कंपनीने लिनोलियमचा कारखाना काढला, आणि कामाला स्कॉटलंडहून माणसं आली. गिरण्या गेल्या, पण मासे तळणारी दुकानं आणि स्कॉटिश खाटीक अजून आहेत. गिरणगाव संपलं तरी लालबागची खानावळ टिकते, तसंच हे.

लीड्सला असताना मात्र एक प्रश्न विचारायला शिकले होते: “कशात तळता?” यॉर्कशरमध्ये चिप्ससुद्धा गोमांसाच्या चरबीत तळायची जुनी पद्धत आहे, आणि ती टिकवण्याचा तिथल्या लोकांना अभिमान आहे. आमच्या गल्लीतल्या दुकानात काउंटरवरची बाई “बीफ ड्रिपिंग, लव्ह” असं इतक्या मायेने सांगायची, की नको म्हणताना मलाच ओशाळं वाटायचं. तेलात तळणारं दुकान शोधून काढलं ते एका गुजराती शेजारणीने.

घरी करायचे तर बटाटा महत्त्वाचा. तिकडचा मॅरिस पायपर इथे मिळत नाही, रसेट चालतो. बोटाएवढे जाड काप, एकदा मंद आचेवर मऊ तळायचे, गार होऊ द्यायचे, पुन्हा कडक तेलात सोडायचे. आणि एक गुपित सांगते. चिप्सच्या दुकानात शिरल्यावर जो वास येतो तो बऱ्याच ठिकाणी खऱ्या माल्ट व्हिनेगरचा नसतोच. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये पाणी आणि रंग घातलेलं स्वस्त द्रावण बाटलीत भरलेलं असतं. इथे चांगल्या माल्ट व्हिनेगरची बाटली आणली तर नवरा म्हणाला, “काहीतरी कमी आहे.” कमी होतं ते हलकेपण.

५. जे दुकानात नाही ते घरात असतं

यॉर्कशर पुडिंगला अंडी, मैदा, दूध आणि मीठ लागतं. जगाच्या पाठीवर कुठेही होतं. अट एकच: साच्यातलं तेल धूर येईपर्यंत तापलेलं हवं, आणि ओव्हनचं दार मध्ये उघडायचं नाही. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने २००८ मध्ये फतवा काढला, की चार इंचांपेक्षा कमी फुगलं तर ते यॉर्कशर पुडिंगच नव्हे. पूर्वी गरिबाघरी हे गरम ग्रेव्हीबरोबर आधी वाढत, म्हणजे पोट निम्मं भरावं आणि महागडं मांस सगळ्यांना पुरावं. मी कांदा चांगला अर्धा तास परतून त्याची शाकाहारी ग्रेव्ही करते. त्यात चमचाभर एचपी सॉस घालते. वेष्टनावर ब्रिटिश संसदेचं चित्र, आत चिंच, आणि २००७ पासून बनतो नेदरलँड्समध्ये!

६. कस्टर्ड पुण्याचं चालतं

शाळेतल्या जेवणातला केक आणि त्यावर ओतलेलं गरम पिवळं कस्टर्ड ही आमच्या लेकीची सर्वांत आवडती गोष्ट. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८३७ मध्ये ही पावडर बनवली, कारण बायकोला अंडं सोसत नव्हतं. म्हणजे ती बिनअंड्याची, कॉर्नफ्लोअरची. फ्रूट कस्टर्डसाठी आपण जी पुण्याची वेइकफील्ड आणतो तिचा कारभार तोच. फक्त फ्रिजमध्ये ठेवू नका, कढत वाढा. फळं तर अजिबात घालू नका.

७. चहाचं मनावर घेऊ नये

यॉर्कशर टी इथल्या सुपरमार्केटात मिळतो. किटली मात्र रखडते. तिकडे तीन हजार वॉटची, इथे १२० व्होल्टवर जेमतेम दीड हजारांची. आम्ही गॅसवर पातेलं ठेवतो, कारण ते आम्हाला आधीपासूनच येत होतं.

८. गोव्यात विचारून बघा

सुट्टीत कांदोळीला उतरलो असताना मुलांनी शॅकच्या पाटीवर ‘बीन्स ऑन टोस्ट’ वाचलं आणि फिश करी-राइसकडे पाठ फिरवली. विलायती पर्यटकांची चार्टर विमानं वर्षानुवर्षं उतरत आली, त्यामुळे कळंगुट-बागा पट्ट्यातल्या आचाऱ्यांना इंग्रजी न्याहारी पाठ आहे. २०१९ मध्ये ब्रिटनची थॉमस कुक पर्यटन कंपनी बुडाल्यावर गर्दी ओसरली, तरी पदार्थ पाटीवर राहिले. सॉसेजची मात्र आशा धरू नये. इंग्रजी सॉसेजमध्ये रस्कचा चुरा असतो, त्याने ते मऊ होतं. गोव्याचं चोरीस तिखट, व्हिनेगरवालं आणि कितीतरी पटीने चांगलं आहे, पण आजारी मुलाला देण्यातलं नव्हे.

९. येणाऱ्याला यादी द्यावी, नाहीतर तो बिस्किटं आणतो

इंग्लंडहून इकडे कुणी येत असेल तर माल्ट व्हिनेगर, चहा, डायजेस्टिव्ह सांगू नका, ते इथे आहे. मांसाचं काही सांगू नका, विमानतळावर काढून घेतात. बीन्सचे डबे जड होतात. मार्माइटची बरणी, मॅरोफॅट वाटाण्याचं पाकीट आणि पोरांसाठी डेअरी मिल्कच्या जितक्या बसतील तितक्या वड्या, एवढंच मागा. वड्या हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा, हर्शीचा करार दुकानदारांना बांधतो, मावशीला नाही.