पांघरूण

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका लहान कारखान्यात पाळीप्रमुख म्हणून मी जी वर्षे काढली, त्यांतील एका रात्रीचा जबाब मला अद्याप स्वतःलाच देता आलेला नाही.

पॉवर प्रेसवरचा एक कसबी कामगार, डोंबिवलीहून येणारा, मला ‘दादा’ म्हणणारा, अधूनमधून पिऊन कामावर येई. आणि त्याच्या मुलाबाळांच्या तोंडचा घास जाऊ नये या कळवळ्याने मी त्याला गोदामामागे गोणपाटावर निजवून हजेरीपटावर त्याची पूर्ण पाळी मांडीत असे. दोन वर्षे मी हे पांघरूण घातले. त्या रात्री त्याचे डोळे तांबारलेले मी पाहिले होते. तरीही माल निकडीचा म्हणून त्याला यंत्रावर उभे केले. हात पत्रा आत सारीतच होता, तोच पायपट्टीवर पाय पडला. उजव्या हाताची दोन बोटे डायखाली गेली.

ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत त्यांना म्हणून कळकळीने सांगतो, की संशय येताच चारचौघांत पाणउतारा न करता त्या माणसास प्रथम यंत्रापासून दूर न्यावे, आणि दुसऱ्या जबाबदार इसमासमक्ष जे दिसले तेवढेच वेळेसह नोंदवावे: पाय लटपटत होते, शब्द अडखळत होते. ‘दारू प्याला होता’ असे लिहू नये. रक्तातील साखर उतरलेला मधुमेहीही असाच झोकांड्या खातो, बरळतो, आणि त्याला त्या घटकेस साखरेची गरज असते, मेमोची नव्हे. 1971 साली मोटार-अपघाताच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही केवळ वास, चाल व वाणी यांवरून, रक्त वा लघवी तपासल्यावाचून, मद्यपान सिद्ध मानण्यास नकार दिला होता. तेव्हा विनाविलंब डॉक्टर गाठावा. घरी धाडायचे तर सोबत माणूस द्यावा. अशा स्थितीत कोणासही ठाण्याच्या फलाटावर एकटे सोडू नये.

कामावर नशेत असणे हे स्थायी आदेशांनुसार गैरवर्तन खरेच, आणि आरोपपत्र व चौकशी यांची वाट मोकळी आहेच. परंतु बडतर्फीपूर्वी, माणूस शुद्धीवर असताना, घरच्यांना बोलावून उपचाराची गोष्ट काढावी. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी 1986 साली पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभारले तेव्हापासून ती वाट आपल्याकडे अज्ञात राहिलेली नाही.

तो कामगारही पुढे उपचार घेऊन व्यसनातून सुटला. त्याने मला कधी दोष दिला नाही. त्याच्या पत्नीने मात्र एकदा विचारले, “भावोजी, पहिल्याच दिवशी मला निरोप का नाही धाडलात?”