संगीत नाटक मंडळ्यांचे अर्थकारण

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले आणि मराठी संगीत नाटकाचा व्यवसाय उभा राहिला. भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्याने त्याला प्रेक्षक मिळवून दिला. मात्र मंडळीचा प्रपंच मोठा असे. नट, साथीदार, पडदे, कपडेपट, स्वयंपाकी हा सारा लवाजमा गावोगाव हलवावा लागे. खेळ झाला नाही तरी पगार व पंगत चुकत नसे. बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी १९१३ मध्ये स्थापन केलेल्या गंधर्व नाटक मंडळीने तर वेशभूषेवर सढळ हाताने खर्च केला. उत्पन्न भरघोस, तरीही कर्ज वाढतच गेले. हा दोष केवळ रसिक उधळेपणाचा मानणे अपुरे ठरेल. १९२३ पासून मुंबई इलाख्यात करमणूक कर आला. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. नटाला प्रत्येक रात्री नव्याने गावे लागते. बोलपटाच्या प्रती मात्र एकाच वेळी अनेक गावांत, स्वस्त तिकिटात चालतात. या स्पर्धेत मंडळ्यांचा स्थिर खर्च भरून निघणे अशक्य होते. आयुष्यभर स्त्रीभूमिका गाजविलेले बालगंधर्वही १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ बोलपटात एकनाथांच्या भूमिकेत दिसले.