वाटेवरचा पहारेकरी : स्वस्त ट्रेल कॅमेरा कसा निवडावा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस इयत्ता आठवीतील दोन विद्यार्थी मधल्या सुट्टीत आमच्याकडे आले आणि त्यांनी विचारले, "सर, रात्री अंधारात चित्र काढणारा कॅमेरा कोणता घ्यावा?" मुलांना आजकाल नाना वस्तूंची हौस असते, तशीच ही एक असावी, असे प्रथम आम्हांस वाटले. परंतु कारण ऐकल्यावर आमचे मत पालटले. त्यांपैकी एकाचे घर उलव्याच्या जुन्या गावठाणात, खाडीकडच्या अंगास आहे. त्याच्या आजीच्या खुराड्यातील कोंबड्या रात्रीच्या रात्री नाहीशा होत होत्या. कांदळवनातून कोल्हेकुई ऐकू येते. तेव्हा चोर कोण ह्याविषयी कोणासही शंका नव्हती. शेजारच्या एकाने तर विष घातलेले मांस बांधावर ठेवण्याचा बेत केला होता. मुलाने एकदा पहाटे तो सोनेरी कोल्हा डोळ्यांनी पाहिला होता. त्याचे म्हणणे एवढेच की, गुन्हा सिद्ध झाल्यावाचून शिक्षा का व्हावी? हा प्रश्न आम्हांस योग्य वाटला, आणि त्यातूनच हा पाठ तयार झाला.

उलव्याची जुनी ओळख म्हणजे भातखाचरे, खाडी आणि कांदळवन ही होय. आज तेथे उंच इमारतींच्या रांगा आहेत. २०१८ साली रेल्वे खारकोपरपर्यंत आली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, आणि डिसेंबर २०२५ पासून नव्या विमानतळावरून विमाने उडू लागली. ह्या विमानतळाकरिता उलव्याचा डोंगर कापावा लागला व उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला. माणसांची सोय झाली ही गोष्ट खरी; तथापि जे प्राणी येथे पूर्वीपासून नांदत होते, त्यांना आता खाडीकाठच्या अरुंद पट्ट्यावरच दिवस काढावे लागतात. ते आपल्या दारी आले तर नवल नाही. ते दारी येऊन काय करतात, हे मात्र आपण झोपेत असल्यामुळे आपणांस ठाऊक नसते.

हे जाणण्याचे साधन म्हणजे ट्रेल कॅमेरा. माणूस जवळ नसताना प्राण्याने स्वतःचे चित्र स्वतःच काढावे, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन ह्यांनी वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवावी, वाघाचा पाय तारेस लागताच प्रकाश पडावा आणि चित्र निघावे, अशी योजना केली होती. त्यांचे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले. ज्या काळी बंदूक हीच वाघाच्या भेटीची रीत समजली जाई, त्या काळी त्यांनी कॅमेरा हाती घेतला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. परदेशात आजही पुष्कळ शिकारी सावजाच्या वाटा शोधण्यासाठी हे यंत्र वापरतात. तरी अमेरिकेच्या ॲरिझोना राज्याने २०२२ पासून शिकारीच्या कामी त्यास मनाई केली आहे. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांची शिकार बंद केली. म्हणून आपणांस ह्या यंत्राचा उपयोग केवळ पाहण्यासाठी व शिकण्यासाठीच करावयाचा आहे.

आता हे यंत्र चालते कसे ते पाहू. प्रत्येक उबदार शरीरातून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण निघत असतात. कॅमेऱ्याच्या दर्शनी बाजूस असलेला संवेदक समोरच्या जागेचे अनेक भाग करून त्या भागांतील उष्णतेवर लक्ष ठेवतो. भोवतालच्या जागेहून अधिक उबदार शरीर एका भागातून दुसऱ्या भागात सरकले की फरक पडतो, आणि यंत्र जागे होऊन चित्र घेते. ह्यावरून दोन गोष्टी निघतात. प्राणी कॅमेऱ्यासमोरून आडवा गेला तर तो लवकर टिपला जातो. सरळ अंगावर चालत आला तर उशिरा. दुसरे असे की, उन्हाळ्यात दुपारी हवा व जमीन प्राण्याच्या अंगाइतकीच तापते, तेव्हा संवेदकास फरक कळत नाही आणि यंत्र चुकते. आपल्या कोकणपट्टीत हे विशेष ध्यानी ठेवावे.

निवडीच्या बाबतीत आम्ही स्वतः जी चूक केली, ती सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पालकांच्या वर्गणीचे आठ हजार रुपये जमले होते. खोक्यावर चित्राच्या बिंदूंचा मोठा आकडा पाहून आम्ही साडेतीन हजारांस एक यंत्र घाईने विकत घेतले. त्याने कधी रिकामा बांध दाखविला, तर कधी नुसते शेपूट. रात्री त्याचे दिवे निखाऱ्यासारखे लाल दिसत. आणि परतीच्या पहिल्याच सरीत त्याच्या पोटात पाणी शिरले. दुसरे यंत्र सहा हजारांस मिळाले. वर्गणीत साडेचार हजारच उरले होते. वरची भर आम्ही पदरची घातली, कारण चूक आमचीच होती. त्या अनुभवावरून पुढील पाच गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, वेग. प्राण्याची हालचाल कळल्यापासून चित्र निघेपर्यंत किती वेळ जातो, हे प्रथम पाहावे. अर्ध्या सेकंदाच्या आत काम होत असेल तर उत्तम. एक पूर्ण सेकंद लागत असेल, तर धावता प्राणी तोवर निघून गेलेला असतो. एका चित्रानंतर दुसऱ्यास किती अवधी लागतो, हेही विचारावे.

दुसरी गोष्ट, रात्रीचा प्रकाश. स्वस्त यंत्रांत बहुधा दोन प्रकारचे अवरक्त दिवे असतात. ८५० नॅनोमीटरच्या दिव्यांचा प्रकाश दूरवर पोहोचतो, पण त्यांची मंद लाल झाक दिसते. ९४० नॅनोमीटरच्या दिव्यांची झाक माणसास दिसत नाही, मात्र त्यांचा पल्ला कमी असतो. परसात पाच-सात मीटरांवरचे पाहावयाचे असल्यास दुसरा प्रकार बरा. प्राणी बिचकत नाही आणि चोराचेही लक्ष जात नाही.

तिसरी गोष्ट, चित्राचा आकडा. कित्येक यंत्रांतील मूळ संवेदक दोन ते पाच मेगापिक्सेलांचाच असतो, आणि खोक्यावरचा मोठा आकडा हा तेच चित्र गणिताने फुगवून मिळविलेला असतो. दुधात पाणी घातल्याने दूध वाढत नाही. त्याच यंत्राने रात्री काढलेले मूळ चित्र दाखवा, असे विक्रेत्यास म्हणावे. दिवसाच्या चित्रावर भुलू नये.

चौथी गोष्ट, सेल व इतर खर्च. बहुतेक यंत्रांस चार किंवा आठ पेन्सिल सेल लागतात. पुन्हा भरता येणारे सेल दीर्घ काळात स्वस्त पडतात. परंतु साधा सेल १.५ व्होल्टचा, तर हा १.२ व्होल्टचा असतो. आठ सेलांचे १२ ऐवजी ९.६ व्होल्ट होतात, आणि काही यंत्रांस ते पुरत नाहीत. म्हणून माहितीपत्रक वाचूनच सेल घ्यावेत. सेल, मेमरी कार्ड, बांधण्याचा पट्टा व कुलूप ह्यांसाठी एकूण रकमेचा चौथा हिस्सा आरंभीच बाजूस ठेवावा. सिमकार्डावरून चित्रे धाडणारी यंत्रे सोयीची खरी, पण त्यांची किंमत अधिक व खर्च दरमहाचा. शाळकरी कामास त्यांची गरज नाही.

पाचवी गोष्ट, पाऊस. झाकणाची रबरी कड घट्ट बसते की नाही ते पाहावे, आत सिलिका जेलची पुडी ठेवावी, आणि पावसाळ्यात यंत्र काही दिवस न वापरल्यास सेल काढून ठेवावेत.

यंत्र चांगले असूनही ते चुकीच्या जागी लावल्यास व्यर्थ. कोल्ह्यासारख्या प्राण्याकरिता ते जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर, वाटेपासून तीन-चार मीटरांवर, किंचित तिरपे लावावे. तोंड उत्तरेस किंवा दक्षिणेस असावे, म्हणजे उगवता-मावळता सूर्य भिंगात शिरत नाही. समोरचे गवत व लोंबत्या फांद्या काढाव्यात. आमच्या मुलांनी हे न केल्यामुळे पहिल्या दोन रात्रींत वाऱ्याने डोलणाऱ्या एकाच झावळीची सहाशे चित्रे मिळाली! घड्याळ व तारीख बरोबर लावावी, कारण तारखेवाचून चित्र म्हणजे साक्षीदारावाचून साक्ष.

येथे एक दुःखाची गोष्टही सांगणे प्राप्त आहे. तिसऱ्या दिवशीच्या चित्रांत पहाटे बांधावरून जाणारी शेजारची एक बाई आली होती. मुले हसू लागली. आम्ही ते चित्र त्यांच्यादेखत पुसून टाकले, त्यांना घेऊन त्या घरी गेलो व क्षमा मागितली. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, आधी विचारायला हवं होतं." ह्यावर आम्हांपाशी उत्तर नव्हते. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या स्त्रियांविषयी २०२४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वाघांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांच्या धाकाने सरपण गोळा करणाऱ्या स्त्रिया रानात मोकळेपणाने बोलेनाशा व गाईनाशा झाल्याचे त्यात दिसून आले. आणि त्यांचे गाणे हेच तर जनावरांस दूर ठेवण्याचे त्यांचे साधन होते. तेव्हा माणसांच्या वाटेवर हे यंत्र लावू नये. लावण्यापूर्वी शेजाऱ्यांस सांगावे. आणि चुकून कोणी आल्यास ते चित्र ठेवू नये, दाखवू नये. तसेच कांदळवनात वा अन्य वनजमिनीवर वनखात्याच्या परवानगीवाचून यंत्र लावू नये. आपले परसू किंवा मालकाने संमती दिलेली जागा आपणांस पुरेशी आहे.

आम्ही यंत्र तेथून काढून खुराड्याकडे वळविले. एकवीस रात्रींत अकराशेंहून अधिक चित्रे मिळाली, आणि त्यांत बहुसंख्य निरुपयोगी होती. ह्याने मुले खट्टू झाली, तेव्हा आम्ही त्यांना देशातील व्याघ्रगणनेचा हिशेब फळ्यावर मांडून दाखविला. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. चित्रे मिळाली ३,४८,५८,६२३, आणि त्यांत वाघांची केवळ ७६,६५१. म्हणजे साधारणतः साडेचारशे चित्रांमागे वाघाचे एक! शिवाय इतक्या चित्रांवरून वाघांची संख्या ठरली ती सुमारे २,९६७. कारण एकच वाघ अनेकदा दिसतो, आणि तो त्याच्या अंगावरील पट्ट्यांवरून ओळखता येतो. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१५ साली ह्याच रीतीने, अंगावरील ठिपक्यांवरून, ३५ बिबटे ओळखले गेले. कोल्ह्याच्या अंगावर अशी ठळक खूण नसते. म्हणून कोल्ह्याची दहा चित्रे म्हणजे दहा कोल्हे नव्हेत, हे मुलांनी वहीत लिहून घेतले.

मग खरा चोर कोण? कोल्हा चार रात्री दिसला. तीन वेळा तो खुराड्याकडे न पाहता निघून गेला, आणि एकदा जवळ येऊन उघड्यावर टाकलेली मासळीची घाण खाऊन गेला. तेराव्या रात्री, पावणेतीनच्या सुमारास, दोन मोकाट कुत्री जाळीखालची माती उकरताना स्पष्ट दिसली. सकाळी एक कोंबडी कमी होती. ह्यावरून कोल्ह्याने कधीच कोंबडी नेली नाही असे सिद्ध होत नाही. त्या रात्री ती कुत्र्यांनी नेली, एवढेच सिद्ध होते. पुराव्यापेक्षा अधिक बोलू नये, हाही ह्या पाठाचाच भाग होय. आजींनी ती चित्रे पाहिली, शेजाऱ्यास बोलावून दाखविली, आणि विषाचा बेत तेथेच राहिला. जाळी एक फूट जमिनीत पुरली, मासळीची घाण खड्ड्यात जाऊ लागली, आणि हे लिहीपर्यंत दुसरी कोंबडी गेलेली नाही.

पालकांस आमची विनंती एवढीच की, मुलाने असे यंत्र मागितल्यास त्यास प्रथम विचारावे, "तुला कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे?" प्रश्न असेल तर थोडक्या किमतीचे यंत्रही पुष्कळ शिकविते, प्रश्न नसेल तर महागडे यंत्रही चार दिवसांत कपाटात जाते. आणि विद्यार्थिमित्रहो, उलव्याच्या खाडीकडून रात्री कोल्हेकुई ऐकू आली, तर ऐकीव गोष्टीवरून कोणावर आळ घेण्यापूर्वी एकवीस रात्री धीर धरा. शाळेचा कॅमेरा विज्ञानाच्या कपाटात आहे. कोणता प्रश्न सोडवावयाचा तो वहीत लिहून आणणाऱ्यास तो मिळेल.