पासिंगचं वर्ष नको, कारण सांगा

गाडी किती वर्षांनी बदलावी, असं लोक मला विचारतात तेव्हा त्यांना आकडा हवा असतो. तीन, पाच, सात, दहा. आमच्या कोल्हापुरात दसरा जवळ आला की नवी गाडी बघायला निघणारे मित्र मला आहेत आणि वडिलांनी घेतलेली गाडी मुलाच्या लग्नात हार घालून दारात उभी करणारेही आहेत. दोघंही अस्सल शौकीन. रात्री गल्लीच्या तोंडाशी वळलेली गाडी कुठली, हे दोघंही नुसत्या आवाजावरून सांगतील. गाडीवर प्रेम किती, यावर ती किती वर्षं टिकेल हे ठरत नाही. ठरतं ते बदलण्यामागच्या कारणावर. स्वतःच्या गाड्या घेताना-विकताना आणि मित्रांच्या सौद्यात शेजारी बसताना ही कारणं मी जवळून पाहिली. त्यातली काही खरी निघतात, काही नाही.

१. वडिलांचा हिशेब आपल्याला लागू नाही

आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. गिअर स्टीअरिंगच्या दांड्याला. बाबांनी ती वर्षानुवर्षं वापरली आणि घरात तिचा दाखला अजून दिला जातो: बघ, एकाच गाडीवर संसार केला. बाबांचा मला अभिमान आहे, पण त्या काळी गाडी बदलण्याचा प्रश्नच नव्हता. बाजारात अँबॅसडर आणि पद्मिनी, त्याही नंबर लावून. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली, १९९३मध्ये मोटारींवरचं लायसन्स राज उठलं आणि त्यानंतर आपल्याला निवड मिळाली. निवड आली की बदलावंसं वाटणारच. तरुण पोरांना त्यावरून उधळे ठरवू नये. त्यांना वाटतं ते साहजिक आहे, फक्त त्या वाटण्याचं काय करायचं ते शिकावं लागतं.

२. नवेपणाची भूक भागवायला गाडी विकावी लागत नाही

शौकिनाला गाडी हातात आल्यावर पहिले काही महिने तिची ओळख करून घ्यायची असते. क्लच कुठं धरते, दुसऱ्या गिअरमध्ये ती कुठपर्यंत खेचते, वळणावर किती झुकते, ब्रेक पहिल्या इंचात चावतो की शेवटच्या. ही ओळख पूर्ण झाली की काहींची ओढ संपते. दोन-तीन वर्षांत गाडी बदलणाऱ्यांपैकी बरेच जण या जातीचे. त्यांना गाडीचा कंटाळा आलेला नसतो. त्यांना नवी ओळख हवी असते.

यावर आमच्या मित्रमंडळींनी काढलेला उपाय मला फार मोलाचा वाटतो. आम्ही रविवारी पहाटे गगनबावड्याच्या किंवा आंबोलीच्या बाजूला निघतो आणि घाटाच्या तोंडाशी किल्ल्या बदलतो. परवाना आणि विमा दोन्ही चालू असले पाहिजेत, एवढी अट. ज्या गाडीसाठी मित्र महिनाभर झोपला नव्हता, ती घाटातून एकदा वर-खाली केल्यावर निम्म्या वेळा त्याची ओढ निवते. उरलेल्या निम्म्या वेळा ती वाढते आणि मग ती खरी असते.

३. गाडी म्हातारी होण्याआधी तिचं रबर म्हातारं होतं

हे मला उद्यमनगरातल्या मिस्त्रीमामांनी शिकवलं आणि मी सांगतो त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

एका मित्राची सेडान. आठ वर्षांची. रस्त्यावर खडखड, घाटात डोलणं, स्टीअरिंगमध्ये सैलपणा, उभ्या गाडीत सीटला कंप. त्यानं विकायचं ठरवलंच होतं. मामांनी गाडी लिफ्टवर घेतली, दोन ठिकाणी पट्टी घालून हलवून पाहिलं आणि म्हणाले, "गाडीला काय झालं न्हाई ओ. रबर वाळलंय नुसतं." लोअर आर्मचे बुश चिरलेले, लिंक रॉड ढिल्या, पुढच्या शॉकअपची वरची माउंटिंग बसलेली, इंजिनाचं एक माउंटिंग तुटलेलं. टायरची नक्षी चांगली होती, पण टायरच्या कडेला जो चार आकडी शिक्का असतो त्यावरून ते फार जुने निघाले. हा शिक्का वाचायला सोपा आहे: २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. टायर नक्षी असूनही कडक होतो. मग तो आवाज करतो आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतो.

सगळं बदललं, चाकांचं अलाइनमेंट केलं. खर्च आला तो नव्या गाडीच्या नुसत्या रोड टॅक्सपेक्षा कमी. त्या संध्याकाळी मित्र गाडी घेऊन राधानगरीपर्यंत जाऊन आला आणि विक्रीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

म्हणून गाडीचं वय दोन मोजमापांनी बघावं. लोखंड किलोमीटरनं झिजतं, रबर वर्षांनी. 'रनिंग अगदी कमी, डॉक्टरांची गाडी' म्हणून जी दहा वर्षांची गाडी दाखवतात, तिचं इंजिन उत्तम असू शकतं, पण होसपाइप, बुश, टायर, वायपर सगळं संपलेलं असतं. टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनाचं तेच. बेल्ट बदलायला कंपनी किलोमीटर आणि वर्षं दोन्ही सांगते, त्यातलं जे आधी येईल ते पाळायचं. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर बहुतेक अशा इंजिनांत व्हॉल्व पिस्टनवर आदळतात आणि मग चांगली गाडी खरोखरच विकायची वेळ येते.

एक गोष्ट मात्र रबरानं सुटत नाही: गंज. मालवण, रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीचा तळ, दारांच्या खालच्या कडा आणि चाकांच्या वरची कमान बोटानं दाबून बघा. सांगाड्याला गंज लागला असेल तर मोह सोडावा.

४. बदलण्याची किंमत कागदावर मांडून बघावी

शौकीन माणूस अश्वशक्तीचे आकडे तोंडपाठ सांगतो, पण हा हिशेब क्वचित करतो. विम्यासाठी गाडीची किंमत घटत जाते ती अशी: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्ष भरेपर्यंत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५०. बाजारभाव गाडीगणिक थोडा वरखाली होतो, पण घसरणीची दिशा हीच. त्यात आपल्या राज्याचा एकरकमी कर. व्यक्तीच्या नावावर दहा लाखांपर्यंतची पेट्रोल गाडी घेतली तर ११ टक्के, डिझेलला १३, कंपनीच्या नावावर २०. हा कर गाडीबरोबर जातो, विकणाऱ्याला परत मिळत नाही. म्हणजे दहा लाखांची पेट्रोल गाडी नऊ वर्षं ठेवणारा एक लाख दहा हजार कर भरतो आणि तीन-तीन वर्षांनी बदलणारा त्याच काळात तीन लाख तीस हजार. गाडीच्या घटलेल्या किमतीची मोजदाद अजून केलेलीच नाही.

बदलायची हौस असेल तर सरळ रस्ता आहे: तीन-चार वर्षांची गाडी घ्या. सगळ्यात मोठी घसरण पहिल्या मालकानं सोसलेली असते, गाडीचं ते मॉडेल कुठं दुखतं हे गॅरेजवाल्यांना माहीत झालेलं असतं आणि दोन-तीन वर्षांनी विकलीत तरी तुमचं नुकसान आटोक्यात राहतं. माझ्या गाड्यांपैकी जास्त आनंद देणाऱ्या गाड्या सेकंड हँड होत्या.

रीसेलच्या भरवशावर मात्र कधी गाडी घेऊ नये. २२ सप्टेंबर २०२५ला छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ टक्के अधिक सेस होता तो १८ टक्क्यांवर आला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या, ही चांगलीच गोष्ट. पण त्या महिन्यात जुनी छोटी गाडी विकायला काढलेल्यांना आदल्या महिन्याचा भाव कुणी देईना. डिसेंबरमधली सूट हीसुद्धा दीर्घकाळ ठेवणाऱ्यासाठीच. लवकर विकणाऱ्याची गाडी महिन्याभरात एक वर्षानं जुनी धरली जाते.

५. कंपनी गेली तरी इंजिन कुठं जातं ते बघा

शेव्हरोलेची विक्री २०१७अखेर थांबली, सप्टेंबर २०२१मध्ये फोर्डनं इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. दोन्ही वेळेला चांगल्या गाड्या घाबरून मातीमोल विकल्या गेल्या. अशा वेळी आधी बघायचं की आपल्या गाडीत दुसऱ्या कुणाचं काय आहे. उदाहरणार्थ, फियाटचं १.३ लिटर मल्टीजेट डिझेल इंजिन पुंटो, लिनियात होतं, तसंच स्विफ्ट, डिझायर आणि इंडिका व्हिस्टातही होतं. बीएस ६चे नियम १ एप्रिल २०२०पासून आले, त्या सुमारास ते बंद झालं. पण या इंजिनावर हात बसलेला मिस्त्री आजही तालुक्याच्या गावात सापडतो. फियाटवाल्यांची खरी पंचाईत होते ती हेडलाइट, बंपर, दाराची काच यांची. प्रेमात पडायच्या आधी काचेचा आणि दिव्याचा भाव विचारून ठेवावा.

६. सुरक्षितता आणि आईचे गुडघे : या दोन कारणांशी मी वाद घालत नाही

एअरबॅग आणि एबीएस नसलेली गाडी घरच्या माणसांसाठी लांबच्या प्रवासाला ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. एबीएस २०१९पासून सक्तीचं झालं. पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग त्यानंतर आली आणि ऑक्टोबर २०२३पासून आपल्याकडे भारत एनकॅपच्या धडक चाचण्या सुरू झाल्या. मारुती ८००वर माझं अपार प्रेम आहे. जेमतेम साडेसहाशे किलोची ती गाडी रस्त्यावरचा प्रत्येक खडा हाताला सांगते. पण पुणे-बंगळूर महामार्गावर कंटेनरच्या रांगेत मुलीला तिच्यातून मी पाठवणार नाही.

दुसरं कारण आई. बसक्या गाडीत उतरताना तिला दाराची चौकट धरावी लागायची आणि ती एक शब्द बोलायची नाही. मी ती गाडी विकून उंच सीटची घेतली. चालवायला ती पहिलीइतकी चोख नाही. आई आता स्वतःहून म्हणते, "चल, जोतिबाला जाऊन येऊ."

७. कायद्याचं वय वेगळं आणि गाडीचं वेगळं

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवता येते. महाराष्ट्रात पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात गेलीच पाहिजे, असा समज फार पसरला आहे आणि त्यापायी ठणठणीत गाड्या कवडीमोलानं जातात. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी हा वाद दिल्ली परिसरातला. आपल्याकडे पर्यावरण कर भरावा लागतो आणि फेरनोंदणीची फी २०२२पासून पाच हजार झाली आहे. वीस वर्षांपुढच्या गाडीला ती २०२५पासून दहा हजार. खर्च आहे, पण गाडी आवडती असेल तर तो करण्याजोगा आहे. पन्नास वर्षं टिकवलीत तर २०२१च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून तिची वेगळी नोंदणी होते.

८. किल्ली दिली म्हणजे गाडी गेली नाही

वारंवार गाडी बदलणाऱ्यांसाठी हे खास. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या करून ते एजंटाच्या हातात दिले आणि विसरून गेले, असे अनेक जण मी पाहिले. आरसीवर नाव तुमचं आहे तोवर अपघाताची भरपाई तुमच्या दारात येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये हे स्पष्ट केलं आहे. नाव बदललेली आरसी डोळ्यांनी बघा. कर्जाचा बोजा उतरवून घ्या. आणि नो क्लेम बोनस विसरू नका. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत जातो, विमा कंपनीकडून पत्र घेऊन नव्या गाडीला लावता येतो.

९. एक घरची, एक मनाची

ज्यांना दोन गाड्या ठेवणं परवडतं त्यांना माझा सल्ला ठरलेला आहे. घरची गाडी आठ-दहा वर्षं वापरावी आणि सुरक्षिततेत खरा फरक पडला की बदलावी, तिथं भावना आणू नये. मनाची गाडी स्वस्तातली, साधी, जिचे भाग मिळतात अशी घ्यावी आणि ती विकू नये. माझी मनाची गाडी १.३ लिटरची एस्टीम आहे. इंजिन जिप्सीच्या नात्यातलं, त्यामुळं भागांसाठी अडत नाही. हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग असलेली ही हलकी गाडी वळणावर रस्ता जसा हाताला देते, तसा आजच्या इलेक्ट्रिक स्टीअरिंगच्या गाड्यांत मला क्वचित मिळतो. ती विकत घ्यायला लोक दरवर्षी येतात. चहा घेऊन जातात.

एकच गाडी परवडत असेल, आणि बहुतेकांना एकच परवडते, तर यंदा शोरूमला जाण्याआधी एक काम करा. आहे ती गाडी चांगल्या मिस्त्रीकडे लिफ्टवर चढवा, स्वतः खाली उभे राहून बघा, वाळलेलं रबर आणि टायर बदलायचा खर्च लिहून घ्या, तो करा आणि त्या गाडीनं तुमच्या आवडत्या घाटातून एक फेरी मारा. तरीही दुसरी गाडीच हवीशी वाटली तर बिनदिक्कत घ्या.